फॉरवर्डर आणि मल्टीमोडल ऑपरेटरचा लायबिलिटी विमा: काय झाकतो, कुठे उघडं पाडतो

पोलादी_पेटी

‘मालाचा विमा शिपरने काढलेला असतो, मग फॉरवर्डरला वेगळी पॉलिसी कशाला?’ हा प्रश्न फिरून फिरून येतो, म्हणून हा धागा. फॉरवर्डर म्हणजे शिपरसाठी (माल पाठवणाऱ्यासाठी) वाहतूक जुळवणारा, आणि मल्टीमोडल ऑपरेटर म्हणजे ट्रक, रेल्वे, जहाज, विमान असे टप्पे एकाच करारात घेणारा. क्लेम, रिफर (थंड कंटेनर), धोकादायक माल यांतलं बारीकसारीक ज्यांना ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

मालाचा विमा हा मालकाचा. नुकसान झालं की विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून, ज्याच्या ताब्यात माल होता त्याच्याकडे वसुलीला येते. हेच सब्रोगेशन. शिपरचा विमा असला म्हणून तुमच्यावरचा दावा टळत नाही. दावा लावणारा तेवढा बदलतो, आणि तो रोज हेच काम करणारा असतो. लायबिलिटी पॉलिसी मालाची किंमत देत नाही. तुमच्यावर कायद्याने आलेली देणेदारी आणि ती लढवायचा खर्च ती उचलते. देणेदारी शेवटी शून्य ठरली तरी सर्व्हेअर आणि वकिलाचं बिल उरतंच, आणि या पॉलिसीची निम्मी किंमत मी त्या भागाची धरतो.

आता मूळ मुद्दा. ही पॉलिसी तुम्ही दिलेल्या कागदावर उभी असते. फॉरवर्डर एजंट म्हणून काम करत असेल तर त्याची जबाबदारी योग्य वाहक निवडणं आणि सूचना नीट पोहोचवणं एवढीच. प्रिन्सिपल (वाहतूक स्वतःच्या नावावर घेणारा) असेल तर ट्रक, गोदाम, जहाज, विमान, कुणाच्याही हातून माल बिघडला तरी पहिला दावा त्याच्यावर. यातलं तुम्ही कोण, हे व्हिजिटिंग कार्डावरून ठरत नाही. कोर्ट पाहतं ते असं: हाउस बिल (फॉरवर्डरने शिपरला दिलेलं वाहतुकीचं बिल) कुणाच्या नावाचं आहे, सही ‘वाहक म्हणून’ आहे की ‘अमुक वाहकाचे एजंट म्हणून’, भाडं एकरकमी लावलंय की वाहकाचा खर्च वेगळा दाखवून त्यावर कमिशन घेतलंय. प्रपोजल फॉर्मवर ‘फक्त एजंट’ लिहायचं आणि टेबलावर स्वतःच्या नावाच्या हाउस बिलांचा गठ्ठा ठेवायचा, यातून पॉलिसीत सगळ्यात मोठं भोक पडतं.

मल्टीमोडलसाठी जगभर सक्तीचा एकच कायदा नाही. संयुक्त राष्ट्रांचं १९८० चं कन्व्हेन्शन पुरेशा देशांनी न स्वीकारल्याने कधी लागूच झालं नाही. ती जागा १९९२ च्या अंक्टाड-आयसीसी (संयुक्त राष्ट्रांची व्यापार परिषद आणि आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळ) नियमांनी भरली. पण ते करारातले नियम आहेत, कागदावर घेतले तरच लागू. फियाटाचं (फॉरवर्डर संघटनांच्या जागतिक महासंघाचं) मल्टीमोडल बिल त्यांवरच बेतलेलं आहे. नुकसान नेमकं कोणत्या टप्प्यात झालं हे कळलं आणि त्या टप्प्याला सक्तीचं कन्व्हेन्शन लागू असेल, तर मर्यादा (जास्तीत जास्त किती भरपाई द्यावी लागेल ती) त्या कन्व्हेन्शनची. कळलं नाही तर बिलातली.

हिशेबनीस

मर्यादांचे आकडे एका जागी देतो. समुद्र, रस्ता, रेल्वे, हवाई यांपुढची नावं त्या-त्या वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शनांची. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड यांच्यावरून त्याचा भाव ठरतो.

- समुद्र, हेग-व्हिस्बी: प्रति नग ६६६.६७ एसडीआर किंवा प्रति किलो २, जे जास्त येईल ते
- समुद्र, हॅम्बर्ग नियम: प्रति नग ८३५ किंवा प्रति किलो २.५, जे जास्त येईल ते
- रस्ता, सीएमआर: प्रति किलो ८.३३
- रेल्वे, सीआयएम: प्रति किलो १७
- हवाई, माँट्रियल १९९९: २८ डिसेंबर २०२४ पासून प्रति किलो २६ (त्याआधी २२)
- फियाटाचं बिल: हेग-व्हिस्बीसारखंच, पण प्रवासात समुद्र किंवा अंतर्गत जलमार्ग नसेल तर प्रति किलो ८.३३

आता हे आकडे एका कंटेनरला लावू. २० पॅलेट, प्रत्येकावर ८ किलोचे ६० खोके. म्हणजे पॅलेटमागे ४८० किलो (लाकडाचं वजन सोडून). ३ पॅलेट भिजून वाया गेले, म्हणजे १,४४० किलो, १८० खोके.

बिलावर नगांच्या रकान्यात ‘२० पॅलेट’ असेल तर पॅलेट हाच नग. वजनाने ४८० × २ = ९६० एसडीआर, नगाने ६६६.६७. जास्त ते धरायचं, म्हणून तिन्ही मिळून २,८८० एसडीआर.

त्याच रकान्यात ‘२० पॅलेट, त्यांवर १,२०० खोके’ असेल तर खोका हा नग. १८० × ६६६.६७ = १,२०,०००.६० एसडीआर. अर्थात मालाच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त कधीच देणं लागत नाही.

हेच नुकसान सीएमआर लागू असलेल्या रस्त्याच्या टप्प्यात झालं असतं तर ११,९९५.२० एसडीआर. विमानात झालं असतं तर ३७,४४०.

माल तोच, पाणी तेच. एका रकान्यातल्या दोन शब्दांनी देणेदारी चाळीस पटींहून जास्त बदलते. आणि खरा खड्डा पुढे आहे. हाउस बिलावर १,२०० खोके आणि शिपिंग लाइनच्या मास्टर बिलावर (लाइनने फॉरवर्डरला दिलेल्या बिलावर) २० पॅलेट असतील, तर शिपरला तुम्ही एक लाख वीस हजारांपर्यंत देणे लागता आणि लाइनकडून परत मिळतात २,८८०. मधली रक्कम तुमच्या पॉलिसीवर पडते. एकदा पडली की पुढची तीनचार वर्षं नूतनीकरणाच्या टेबलावर तो आकडा समोर येत राहतो. डेस्कवर बसून हाउस आणि मास्टरचा नगांचा रकाना शेजारीशेजारी ठेवून जुळवायला दोन मिनिटं लागतात.

गोदीकाठ

हिशेबनीस, उदाहरण चोख. दोन गोष्टी जोडतो.

एक, शिपरने किंमत जाहीर केली आणि ती बिलावर चढली, तर वरच्या सगळ्या मर्यादा बाजूला आणि जाहीर किंमत हीच मर्यादा. विमा कंपनीला आधी कळवून लेखी होकार घेतला नसेल तर ही वाढीव जबाबदारी बहुतेक पॉलिसींत झाकलेली नसते. बिल टाइप करणाऱ्याला हे माहीत नसतं. ‘शिपरने सांगितलं, टाकलं’ एवढंच घडलेलं असतं. इन्व्हॉइसची किंमत बिलाच्या अंगावर कुठेही येता कामा नये, मालाच्या वर्णनातसुद्धा नाही.

दोन, मोठे ग्राहक स्वतःचा सेवा करार पुढे करतात. त्यात ‘संपूर्ण नुकसानभरपाई’, ‘मालाची पूर्ण किंमत’, ‘उशिराबद्दल दररोज अमुक टक्के दंड’ अशी कलमं असतात. कायद्याने येणाऱ्या जबाबदारीच्या वर करारातून अंगावर घेतलेलं बहुतेक पॉलिसींत बाहेर असतं. करार सहीच्या आधी विमा कंपनीकडे पाठवायचा. ती कलमं काढायला सांगेल किंवा वाढीव प्रीमियमवर पाठिंबा देईल. सहीनंतर पाठवून उपयोग नाही.

दक्षिणवारा

आपल्या प्रमाणित व्यापारी अटी ई-मेलच्या तळाशी एका ओळीत आहेत. तेवढं पुरतं का?

गोदीकाठ

एकटी ती ओळ कच्ची, दक्षिणवारा. अटी करार होण्याआधी ग्राहकासमोर आल्या पाहिजेत. इन्व्हॉइसच्या पाठीवर छापलेल्या अटी उशिरा येतात, कारण तोवर माल निघालेला असतो. सगळ्यात पक्कं म्हणजे उधारी खात्याच्या अर्जावर अटींची प्रत जोडून सही घेणं. त्याखालोखाल, प्रत्येक कोटेशनमध्ये ‘हे काम आमच्या अमुक आवृत्तीच्या अटींवर’ असं लिहून प्रत सोबत देणं. आवृत्तीचं वर्ष जरूर टाका. जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या कागदांवर फिरत असतील तर नेमक्या कोणत्या लागू, यावरच वाद जातो. विमा कंपनीने मंजूर केलेली आवृत्ती आणि तुमच्या कागदावरची एकच असावी.

पोलादी_पेटी

पॉलिसीत कोणकोणते भाग असतात ते सांगायचं राहिलं होतं. माल गहाळ होणं किंवा बिघडणं हा पहिला. दुसरा चुका आणि हयगय: कंटेनर भलत्याच बंदरावर जाणं, सीमाशुल्काचं चुकीचं वर्गीकरण, मूळ बिल न घेता माल सुटणं. तिसरा त्रयस्थ व्यक्तीची इजा किंवा मालमत्तेचं नुकसान. चौथा नकळत झालेल्या चुकीबद्दलचे दंड आणि शुल्क. पाचवा खर्च: तपास, बिघडलेल्या मालाची विल्हेवाट, चुकून गेलेला कंटेनर परत वळवणं. स्वस्त पॉलिसी बहुतेक वेळा पहिल्या भागावर थांबते. दुसरा आणि पाचवा भाग नसेल तर ती मल्टीमोडल ऑपरेटरच्या कामाची नाही, असं माझं स्पष्ट मत.

बाहेर काय असतं तेही पाहा: रोकड, सोनं, दागिने, कलावस्तू, जिवंत जनावरं. मोबाइल, तंबाखू, मद्य हे बऱ्याचदा बाहेर किंवा वेगळ्या छोट्या मर्यादेत. युद्ध आणि अणुधोका बाहेर. मुद्दाम केलेली चूक बाहेर. मागची तारीख टाकून दिलेलं ‘जहाजावर चढला’ बिलही बाहेर, कारण ती चूक नसून खोटी नोंद आहे.

नांगर

मूळ बिलाशिवाय डिलिव्हरी यावर जरा थांबतो, कारण एका फटक्यात पूर्ण किमतीचा दावा येतो तो इथूनच. खोका भिजला तर काही भाग वाचतो. चुकीच्या हातात गेलेला कंटेनर अख्खाच जातो. शिवाय वर दिलेल्या मर्यादांचा आधार कोर्ट इथे देईलच असं धरून चालता येत नाही.

साखळी अशी. हाउस बिलाच्या तीन मूळ प्रती निघतात. त्यांतली कोणतीही एक हजर केली की बाकीच्या रद्द. कन्साइनीने (माल घेणाऱ्याने) पैसे भरून बँकेकडून प्रत सोडवायची, ती गंतव्य बंदरावरच्या तुमच्या एजंटाला द्यायची, आणि मगच एजंटाने मास्टरवर माल सोडवून पुढे द्यायचा. चूक होते ती या शेवटच्या पायरीवर. कन्साइनी एजंटाचा जुना ग्राहक असतो, ‘कागद वाटेत आहेत’ म्हणतो, स्कॅन पाठवतो, एजंट सोडतो. शिपरला पैसे मिळालेले नसतात. दावा हाउस बिल देणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर.

विमा कंपनी इथे एकच प्रश्न विचारते: चूक झाली की ठरवून केलं? कारकुनाने खोटं बिल न ओळखणं ही चूक, आणि बरीच कव्हर ती घेतात. हमीपत्र घेऊन मुद्दाम सोडणं हा निर्णय, तो बाहेर. परदेशी एजंटाशी करार करताना तीन गोष्टी लेखी हव्यात: मूळ प्रत हातात आल्याशिवाय सोडायचं नाही, टेलेक्स रिलीजची (मूळ प्रती शिपरने परत दिल्यावर कागदाविना माल सोडायची) सूचना ठरलेल्या एकाच पत्त्यावरून येईल, आणि एजंटाकडे स्वतःची लायबिलिटी पॉलिसी असेल. तिचं प्रमाणपत्र दरवर्षी मागवायचं. करारात नुसतं वाक्य असून पैसे मिळत नाहीत.

दक्षिणवारा

मास्टर बिलावर शिपर म्हणून आपलं नाव असतं. त्याचा विम्याशी काय संबंध?

नांगर

फार मोठा. शिपिंग लाइनच्या नजरेत शिपर तुम्हीच. म्हणून शिपरच्या सगळ्या जबाबदाऱ्या तुमच्यावर येतात, मालाचं तोंडही पाहिलं नसलं तरी.

धोकादायक माल: हेग-व्हिस्बीच्या चौथ्या कलमाच्या सहाव्या नियमाखाली, असा माल वाहकाच्या संमतीशिवाय चढवला आणि त्यातून नुकसान झालं तर ते शिपरच्या माथी. मालाचं स्वरूप शिपरला माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही, असं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९८ मध्ये ‘जियानिस एनके’ खटल्यात ठरवलं. तिथे भुईमुगाच्या पेंडीत खाप्रा भुंगेरे निघाले होते. स्फोटक नाही, रसायन नाही, धान्यातली कीड! कोळसा, लिथियम बॅटऱ्या, कॅल्शियम हायपोक्लोराइट यांची चुकीची घोषणा हे कंटेनर जहाजांवरच्या आगींचं ओळखीचं कारण आहे. दाव्यात जहाज आणि बाकीच्यांचा माल दोन्ही येतात. तेव्हा त्रयस्थ भागाची मर्यादा ठरवताना तुमच्या मालाच्या किमतीकडे पाहू नका, जहाजाकडे पाहा.

न उचललेला माल: कन्साइनी फिरकला नाही तर डेमरेज आणि डिटेन्शन (कंटेनर मुदतीपेक्षा जास्त अडकल्याचा आकार) मास्टरवरच्या शिपरच्या नावे वाढत जातं. ही व्यापारी जोखीम म्हणून पॉलिसीत बहुधा बाहेर किंवा छोट्या मर्यादेत असते.

वजन: जुलै २०१६ पासून सोलासखाली (समुद्रावरच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कन्व्हेन्शनखाली) प्रमाणित एकूण वजन दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही. मास्टरवर शिपर तुम्ही असाल तर ते देणंही तुमच्याकडे. त्यावरचा आकडा खऱ्या शिपरकडून सहीनिशी घ्या.

हिशेबनीस

नांगर यांच्या यादीत जनरल अ‍ॅव्हरेज जोडतो. जहाज आणि माल वाचवायला मुद्दाम केलेला खर्च किंवा त्याग जहाजमालक आणि सगळ्या मालमालकांत वाटला जातो, यॉर्क-अँटवर्प नियमांनी. मार्च २०१८ मध्ये ‘मर्स्क होनाम’ला आग लागली, त्यानंतर माल सोडवायला सॅल्व्हेज (जहाज आणि माल वाचवणाऱ्यांचा मोबदला) आणि जनरल अ‍ॅव्हरेज मिळून मालाच्या किमतीच्या ५४ टक्के तारण मागितलं गेलं होतं. आग न पोहोचलेल्या कंटेनरवरही. मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’वरही ते जाहीर झालं.

हे योगदान भरायचं मालमालकाने, त्याच्या माल-विम्यातून. फॉरवर्डरने बाँडवर (योगदान भरण्याच्या हमीपत्रावर) स्वतःच्या नावाने सही करू नये. लाइन मास्टरवरच्या नावाला पत्र पाठवते, म्हणून ती घाईत होऊन जाते. पत्र त्याच दिवशी प्रत्येक हाउस बिलधारकाकडे जायला हवं, आणि एकत्र भरलेल्या कंटेनरमध्ये सगळ्यांचं तारण जमेपर्यंत एकाचाही माल हलत नाही, हेही त्यांना सांगायला हवं.

गोदीकाठ

रिफरबद्दल कुणी लिहिलं नाही. तिथे दावे हटकून अडतात ते एका चिन्हावर. बुकिंग अर्जावर ‘-१८’ लिहिलेलं असतं. ई-मेलमधून कॉपी करताना उणे चिन्ह ओळीच्या शेवटी तुटतं आणि पुढे जातं ‘१८’. म्हणून ‘उणे १८ अंश सेल्सिअस’ असं अक्षरी लिहा. व्हेंट (हवेची झडप) बंद की उघडा, उघडा असल्यास ताशी किती घनमीटर, हेही. माल भरण्याआधी गाभ्याचं तापमान मोजून नोंदवा. रिफर माल थंड ठेवतो, गरम भरलेला माल थंड करण्यासाठी तो बनवलेला नाही. खराबी निघाली तर कंटेनरच्या कंट्रोलरमधली नोंद ताबडतोब उतरवून घ्यायला लाइनला लेखी सांगा. पेटी पुढच्या फेरीला गेली की ती नोंद हाती लागणं अवघड. पॉलिसीत रिफरची अट बहुधा अशी असते: प्रत्येक ताबाबदलाला तापमान नोंदलेलं हवं. ट्रकवाल्याच्या पावतीवर तो एक आकडा नसल्याने अडकलेले क्लेम थोडेथोडके नाहीत.

सीललाही हाच न्याय. आयएसओ १७७१२ चं एच वर्गाचं सील, आणि दर ताबाबदलाला क्रमांक वाचून पावतीवर लिहायचा. नुसतं ‘सील ठीक’ पुरावा म्हणून लंगडं पडतं. क्रमांक असेल तर चोरी कोणत्या टप्प्यात झाली ते कळतं, आणि टप्पा कळला की वसुली कुणाकडून ते कळतं.

पोलादी_पेटी

आता मुदती. हवाई मालात नुकसानीची लेखी सूचना १४ दिवसांत आणि उशिराची २१ दिवसांत. चुकली तर दावाच संपतो. समुद्रात वरून न दिसणाऱ्या नुकसानीला ३ दिवस, फियाटाच्या बिलावर ६, सीएमआरखाली रविवार-सुट्ट्या सोडून ७. इथे चुकलं तरी दावा मरत नाही, पण माल चांगल्या स्थितीत पोहोचला असं धरलं जातं आणि उलट सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

दाव्याची मुदत: हवाई २ वर्षं, हेग-व्हिस्बी १ वर्ष, फियाटाचं बिल ९ महिने. हे नऊ महिने मुद्दाम ठेवलेत. ग्राहकाने शेवटच्या दिवशी दावा लावला तरी लाइनवर जाण्यासाठी तुमच्या हातात तीन महिने उरतात. ग्राहकाला मुदतवाढ देताना आधी लाइनकडून तेवढीच वाढ लेखी घ्या. उलट क्रमाने केलंत तर देणं राहतं आणि वसुली मरते, शिवाय वसुलीचा हक्क घालवला म्हणून विमा कंपनी हात आखडता घेते.

म्हणूनच पॉलिसी ‘घटनेवर’ (नुकसान कधी घडलं यावर) आहे की ‘दाव्यावर’ (दावा कधी आला यावर) हेही बघून ठेवा. दाव्यावर आधारलेली असेल आणि तुम्ही कंपनी बदललीत, तर जुन्या मालावर आज आलेला दावा दोघींच्या मधे पडतो. नव्या पॉलिसीत पूर्वलक्षी तारीख जुनी ठेवून घ्या. सीमाशुल्काच्या मागण्या तर वर्षांनी उगवतात.

दक्षिणवारा

प्रीमियम कशावर ठरतो? आणि ग्राहकाचं पहिलं रागाचं पत्र आलं की नेमकं काय करायचं?

हिशेबनीस

बहुतेक ठिकाणी वर्षाच्या एकूण भाडे-उलाढालीवर, काही ठिकाणी टीईयूवर (२० फुटी कंटेनरच्या हिशेबाने). सुरुवातीला अंदाज, वर्षाअखेरी खऱ्या आकड्यावर फरक. अंदाज मुद्दाम कमी दाखवला तर क्लेमच्या वेळी तोच कागद पुढे येतो. गोदाम, स्वतःचे ट्रक, प्रकल्पाचा अवजड माल ही कामं वेगळी जाहीर करा, नाहीतर ती पॉलिसीच्या बाहेर आहेत असं धरा. डिडक्टिबल (दाव्यातली तुम्ही स्वतः भरायची रक्कम) प्रत्येक दाव्याला लागतं. लहान दावे जास्त येत असतील तर त्याचा वर्षाचा एकूण बोजा मांडून बघा, प्रीमियमची बचत त्यातच जाते.

नांगर

पत्राबद्दल सांगतो, दक्षिणवारा. त्याच दिवशी तीन कागद निघाले पाहिजेत. पहिला विमा कंपनीला, रक्कम माहीत नसली तरी. दुसरा, ज्याच्या ताब्यात माल होता त्या प्रत्येक उपकंत्राटदाराला: बिल क्रमांक, कंटेनर आणि सील क्रमांक, डिलिव्हरीची तारीख, नुकसानीचं स्वरूप, ‘रक्कम नंतर कळवू, तोवर संपूर्ण जबाबदारी तुमची धरत आहोत’, आणि संयुक्त सर्व्हेचं ठिकाण, तारीख, वेळ. तिसरा ग्राहकाला, आणि हाच जपून लिहायचा. ‘क्षमस्व, भरपाई करून देऊ’ हे सौजन्याचं वाक्य पॉलिसीच्या भाषेत कबुली ठरतं, आणि विमा कंपनीला न विचारता कबुली देणं हा अटीचा भंग. त्याऐवजी: ‘आपलं पत्र मिळालं. सर्व हक्क राखून चौकशी सुरू केली आहे. नुकसान वाढू नये म्हणून माल वेगळा करून ठेवावा, वेष्टन फेकू नये आणि आपल्या माल-विमा कंपनीला कळवावं.’ वेष्टनाचं वाक्य गाळू नका. भिजलेला खोका कचऱ्यात गेला, तर पाणी समुद्राचं होतं की पावसाचं, हे तपासायला काही उरत नाही.